रिजेक्ट झालेलं चाक

राहुरीत नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला भीमराज भिंगारदिव्याचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि बाहेर टांगलेला जुना टायर. त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, 'पंक्चर, रिम बेंड'. पण माणूस नुसता पंक्चरवाला नव्हता. नगरच्या एमआयडीसीत मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग ओतणारा एक कारखाना होता, तिथं त्यानं सतरा वर्षं तयार माल तपासला होता. त्र्याण्णव साली मालकानं गेटला कुलूप घातलं आणि भीमराज गावी येऊन टायर काढू लागला.

त्याच्या रागाची ख्याती राहुरी स्टेशनपर्यंत होती. गिऱ्हाईक 'चालतंय की, करा तसंच' म्हणालं की याचं डोकं सटकलंच. एका ट्रकवाल्याला त्यानं नट ढिले ठेवल्याबद्दल अशी काही शिवी हासडली होती, की तो बिचारा पैसे देऊन वर माफी मागून गेला. लोक म्हणायचे, भीमराज तिरसट आहे. तसं नव्हतं. खराब माल दिसला की त्याला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं, एवढंच.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कुठल्याशा क्लबाची मोटारींची रॅली मुळा धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवरून गेली. साखर कारखान्याचे एक संचालक होते आबासाहेब. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा वैजनाथ त्या रॅलीत उतरला होता. मारुती एट हंड्रेड, दारांवर नंबर रंगवलेले आणि मुंबईहून आणलेली चकचकीत अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची ओतीव चाकं. तालुक्यात तोवर अशी चाकं कुणी पाहिली नव्हती. रॅलीत त्याचा कितवा नंबर आला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, त्यावरून काय ते समजावं. दुसऱ्या दिवशी तो पुढचं डावं चाक घेऊन दुकानात आला.

"ए भिमा, कड दबलीय बघ. जरा ठोकून दे."

भीमराज त्याच्या दुप्पट वयाचा होता. त्यानं 'ए भिमा' गिळलं, टायर उतरवला आणि रिम फडक्यानं पुसून काढली. मग तिच्यावर रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून ते कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरवली. कारखान्यातली जुनी रीत. वरचं रॉकेल पुसलं जातं, पण चिरेत मुरलेलं हळूहळू बाहेर येतं आणि खडू ओला करतं. पाच मिनिटांत चाकाच्या मागच्या अंगाला, बोल्टच्या दोन भोकांच्या मधून, केसाएवढी काळी रेघ उमटली.

"दादा, ह्ये चाक संपलं," भीमराज म्हणाला. "लोखंडी रिमला मार बसला की ती वाकती, आन वाकली की दिसती. ह्ये ओतीव हाय. ह्ये आतल्या आत चिरतं, वरून चकाचक दिसतं, आन एक दिवस भर रस्त्यात तुकडा पडतो. रॅलीवाले असलं चाक भंगारात टाकत्यात. ठोकून उपेग न्हाई."

"आमच्या कारखान्याच्या ट्रॉल्यांच्या रिमा दर हंगामाला ठोकतोस. त्या बऱ्या चालतात?"

"त्या लोखंडाच्या हायेत."

"तुला जमत नसेल तर तसं सांग. शहाणपणा शिकवू नकोस."

वैजनाथनं चाक डिकीत टाकलं आणि धूळ उडवत निघून गेला. भीमराजनं हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो त्या पोराच्या नावानं दातओठ खात होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीच मारुती भीमराजच्या वस्तीत, भीमनगरात, येऊन उभी राहिली. दारांवरचे नंबर खरवडून काढले होते. उत्तमरावांनी ती विकत घेतली होती. उत्तमराव म्हणजे वस्तीतलं वडीलधारं माणूस. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, सगळ्यांचे तात्या. भीमनगरातली ती पहिली चारचाकी. बायकांनी गाडीला ओवाळलं, पोरांनी आरशात तोंडं बघितली. भीमराजच्या म्हाताऱ्या आईनं, बनाबाईनं, टपावरून हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भीमराजही हसत हसत पुढं झाला. मग त्याची नजर चाकांवर गेली.

तीन चाकांच्या कोपऱ्यांत जुनी माती बसली होती. पुढचं डावं मात्र नव्या चंदेरी रंगानं लखलखत होतं. दबलेली कड कुणीतरी ठोकून सरळ केली होती.

त्यानं उत्तमरावांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, बघू. दोन दिवसांनी घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, अरे, वैजनाथनं स्वतः सांगितलंय, चाकं परदेशी हायेत, पन्नास वर्षं हलत न्हाईत. तिसऱ्यांदा त्यानं पारावर चारचौघांत विषय काढला, तेव्हा मात्र म्हातारा उसळला.

"भीमराज, पोटात दुखतंय तुझ्या! आपल्यातल्या मानसानं गाडी घेतली तर आपल्यालाच बघवत न्हाई. मला त्यांनी बंगल्यावर बोलवलं. खुर्ची दिली. कपात च्या दिला. आबासाहेबांचं पोरगं मला तात्या म्हनलं. ते मला फसवंल?"

भीमराजच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. ज्या घरात उत्तमरावांच्या बापाला गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा मिळायचा, त्या घरानं एक खुर्ची पुढं सरकवली आणि शिकलेला, सवरलेला माणूस असा पाघळावा! मारे बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली! चहाच्या कपातच त्या पोरानं फुटकं चाक विरघळवून पाजलं, आणि वर पोटदुखी कुणाची, तर भीमराजची. तो तिथून उठला तो तडक घरी गेला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चौदा एप्रिलला सकाळपासून भीमनगरात निळ्या पताका लागल्या. संध्याकाळच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो यंदा बैलगाडीऐवजी मारुतीवर निघणार होता. मिरवणूक पायाच्या चालीनं चालते. त्यात काही बिघडलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव आपल्या मुलीला, जयमालाला, त्याच गाडीतून शेवगावला सासरी पोचवणार होते. तिच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ. रस्त्यावर खड्डे, समोरून भरधाव ट्रक, आणि गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला ते चाक.

नऊच्या सुमारास भीमराज जॅक, पाना, रॉकेलची बाटली आणि खडू घेऊन गाडीपाशी आला. पाठीमागं हातगाडीवर घण होता. कुणाला काही न विचारता त्यानं गाडी उचलली आणि नट फिरवायला घेतले. उत्तमराव नवा सदरा घालत बाहेर धावले.

"हात लावू नको! आज कोनता दिस हाय, त्याची तरी लाज बाळग!"

"पाच मिंटं, तात्या. सगळ्यांदेखत दावतो. मग मला काय जोडे मारायचे ते मारा."

बघता बघता वस्ती गोळा झाली. भीमराजनं टायर उतरवला, रॉकेल लावलं, पुसलं, खडू भुरभुरवला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खडू पांढराशुभ्र राहिला. एक टिंब उमटलं नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बघितलंत?" उत्तमराव लोकांकडं वळले. "ह्याला म्हनत्यात जळका!"

भीमराजला कळलं. चिरेत लांबीची पुट्टी भरली होती, वरून रंगाचे दोन हात दिले होते. रॉकेल आत जाणार कुठून? एका क्षणी त्याला वाटलं, चाक बसवावं आणि निघून जावं. मेले तर मरू देत. लगेच त्याला स्वतःच्याच विचाराची किळस आली. त्यानं चाक दोन दगडांवर पालथं टाकलं आणि घण उचलला.

बनाबाईनं त्याची बाही धरली. "पोरा, नको रं. साऱ्या वस्तीची हौस हाय ती."

"आये, सोड." त्यानं उत्तमरावांकडं पाहिलं. "तात्या, धड चाक असंल तर चार घावांत ह्याचा तुकडा पडायचा न्हाई, पोचा येईल फकस्त. तुकडा न्हाई पडला तर दुकान तुमच्या नावावर करतो. हितं सगळे साक्षी हायेत."

पहिला घाव बसला. काही झालं नाही. उत्तमराव अंगावर धावून आले, त्यांना दोघांनी धरलं. दुसऱ्या घावाला रंगाचा पोपडा उडाला. तिसऱ्या घावाला वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि बोल्टच्या दोन भोकांसकट मधला तुकडा खाली दगडांमध्ये पडला.

आता कुणी हसेना. जयमाला बाळ घेऊन दारात उभी होती. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

उत्तमरावांनी तुकडा उचलून उन्हात धरला. प्रयोगशाळेतल्या माणसाला फार सांगावं लागलं नाही. नुकती तुटलेली बाजू बोटभर, चांदीसारखी. बाकी सगळी काळपट, जुनी, आणि तिला चिकटलेली पिवळी लांबी. त्यांनी नखानं ती उकरली, तसा तिचा भुगा नव्या सदऱ्यावर पडला. मग त्यांनी विचारलं, "तुला ही चीर पहिल्यांदा कवा दिसली?"

"जानेवारीत. वैजनाथ घिऊन आल्ता दुकानात."

"मग त्याला चाक अख्खं परत का दिलंस?"

कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट होती. रिजेक्ट माल ज्यानं पकडला त्यानंच, तिथल्या तिथं, आपल्या हातानं फोडायचा. अख्खा ठेवला की तो फिरून कुणाच्या तरी गाडीला लागतोच. सतरा वर्षांत त्यानं एक नग सोडला नव्हता, मालक समोर उभा असतानाही नाही. तीन महिने तो वैजनाथवर जळत होता, आठवडाभर उत्तमरावांवर. त्या दिवशी दुकानात घण हाताच्या अंतरावर होता, याची आठवण मात्र त्यानं स्वतःला एकदाही होऊ दिली नव्हती.

त्यानं घण खाली ठेवला.

"भ्यालो, तात्या," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आबासाहेबांचं पोरगं हुतं. त्याच्या म्होरं माझा हात न्हाई उठला. तुमच्या दारात उठला."