देवाच्या डोहातला कॅमेरा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात ज्याला त्याला दुसऱ्याचा संशय. टँकरवाला पाणी मारतो, शेजारीण आपल्या घागरी पुढे सरकवते. आणि आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, संशय भोयाचा.

गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. नदी आटून दोनच डोह उरलेले. वरचा महादेवाचा, त्यात कुणी जाळं टाकायचं नाही. खालच्यात भोयानं मासे धरायचे. अप्पांचं किराणा दुकान. रोज सकाळी विभूती लावून ते वरच्या डोहाच्या पायरीवर जायचे आणि माशांना मुरमुरे टाकायचे. बोटभर लांबीच्या चंदेरी माशांची नुसती झुंबड उडायची. त्या उन्हाळ्यात ते मासे भराभर कमी झाले.

"भोईच नेतोय. त्याचं खालचं जाळंबी बंद करा," अप्पांनी ग्रामपंचायतीत लावून धरलं. पंचायतीनं ते थांबवलंही. भोयाची चूल त्या जाळ्यावरच पेटायची.

मी लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. बारके मासे आणि त्यांना खाणारे मोठे मासे पाण्याखाली कसे वागतात, हे बघायला माझ्याकडे पाण्यात चालणारा कॅमेरा होता. तो दगडाला बांधून मी पायरीखाली सोडला. भोई काठावरून बघत होता.

"ताई, हे माशासाठी हाय का माझ्यासाठी?"

मला तेव्हा कुणाचाच भरवसा नव्हता. मी दोरीची गाठ आवळली.

चित्रणात जाळं कुठंच नव्हतं. मुरमुरे पडले, मासे जमले आणि पायरीखालच्या कपारीतून हातभर लांब शिकारी मासळी, मरळ, सुटली. एक मासा तोंडात धरून परत आत. पुढे पुढे तर अप्पांची सावली पडली की ती तोंड बाहेर काढून तयारच असायची.

"ह्यात तूच कायतरी जोडलंस," अप्पा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग उद्या तुम्हीच सोडा कॅमेरा!"

त्यांनी सोडला. तेच दिसलं. चित्रण उतरवून मी कॅमेरा परत पायरीखाली सोडला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण मी समजूत घातली नाही.

दुसऱ्या दिवशी बायका पाणी भरत असताना अप्पांनी भोयाला हाक मारली. सगळ्यांदेखत म्हणाले, "चोर म्याच पोसला. तू टाक खाली जाळं. कुणी अडवणार न्हाई."

 भोयानं आधी अप्पांकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"टाकतो," तो म्हणाला. "पण पहिले ते यंत्र पाण्यातून काढा."