बिनहळदीचे कुळीथ

कुळीथ मी जन्मभर खाल्ले. पिठी, कढण, मोड आणून उसळ. पण कुजवलेले कुळीथ? शी! आजही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चांगलं पाणी नव्हे.

जर्मनची पहिली लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. आमचे हे बोटीवर खलाशी. जपानच्या बंदरात आजारी पडले आणि केळशीला घरी आले ते नुसता सांगाडा होऊन. पेजसुद्धा पोटात ठरेना. वैद्यांनी हात टेकले. सासूबाई देवाला गाऱ्हाणी घालायच्या, मी यांच्या बरगड्या बघत बसायची. पदरात मूल नाही, माहेरी कोणी उरलेलं नाही. हे गेले तर माझं काय, एवढंच डोक्यात घोळायचं.

मग यांनीच सांगितलं. तिकडे इस्पितळात एक पिवळट कडधान्य शिजवून, पेंढ्यात बांधून आंबवतात आणि भातावर घालून देतात, तेवढंच म्हणे पचायचं. ते दाणे इथे कुठले मिळायला? कुळीथ घे, म्हणाले.

घेतले. पण आमच्या घरात मीठ-हळद लावल्याशिवाय काही मुरायला ठेवत नाहीत, मासळी असो की लोणचं. माझा हात आपसूक हळदीच्या डब्यात गेला. शिजवून पेंढ्यात बांधलेली पुडी चुलीशेजारी ठेवली, दोन दिवसांनी सोडली तर आत सुके पिवळे कुळीथ, जसेच्या तसे. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अगो, हळदीनं ते आंबणंच मरतं. त्यात काही म्हणून घालू नको."

दुसऱ्या खेपेला नाही घातली. आणि मग जो वास सुटला! बाळंतिणीच्या खोलीत ओली दुपटी साचून राहावीत तसा. माळ्यावर उंदीर मेलाय म्हणून सासूबाई शोधत फिरल्या, आणि कळल्यावर पुडी गोठ्यात नेऊन ठेवायला लावली. उघडली तर दाण्यांवर पांढुरकी बुरशी, आणि उचलावं तर शेंबडासारख्या तारा. नाकाला पदर लावून मी यांना भरवलं. यांनी माझी बोटंसुद्धा चाटली. मी परसात जाऊन भडाभडा ओकले.

पण ते पोटात ठरलं, मेलं! हळूहळू अंगावर मांस चढलं. ओटीवर येऊन बसायला लागले, भात-मासळी पचायला लागली. तरी ताटात ती घाण हवीच. मीही करत राहिले, जीव वाचला होता ना.

एका दुपारी मिशीला लागलेल्या तारा जिभेनं पुसत तृप्त होऊन म्हणाले, "आता जमलं तुला. अगदी तिच्या हातचं."

इस्पितळात कसली आलीय 'ती'? बोलून गेल्यावर यांनाही उमगलं. मान खाली घालून उरलेलं चाटत राहिले. तोवर मला कुळथांची किळस होती. त्या दुपारपासून त्या मिशीची यायला लागली.

पुढच्या खेपेला मी कुळीथ शिजवले आणि चांगली मूठभर हळद घातली. पुडी सोडून हे म्हणाले, आंबलं नाही की गो हे.

"आमच्या हातचं असंच होतं," मी म्हटलं.