मामांच्या पेटीतला श्वास

मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते. साइटवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्यांना साहेब म्हणायचा आणि दुसऱ्या दिवसापासून मामा. ते टॉवर क्रेन चालवायचे. सकाळी शिडीने वर चढून काचेच्या केबिनमध्ये बसले की जेवायलाच खाली उतरायचे. मी खालचा माणूस. वॉकीटॉकीवर त्यांना सांगायचं, डावीकडे, अजून थोडं, आता सोडा, बस. वरून त्यांना हुकाखालचं सगळं दिसत नाही, म्हणून डोळे माझे आणि हात त्यांचे, असा आमचा संसार कितीतरी वर्षं चालला. काँक्रीटची भरलेली बादली ते अशी अलगद टेकवायचे की गवंडी म्हणत, मामा बाळाला पाळण्यात ठेवतात.

त्यांच्या झोपेची आम्ही भरपूर चेष्टा केली. चहाचा कप हातात असताना त्यांचा डोळा लागायचा. मुकादमाशी बोलता बोलता मान खाली जायची. जेवणानंतर सिमेंटच्या गोण्यांवर आडवे झाले की असं घोरायचे की मिक्सर बंद पडलाय हे कोणाच्या लक्षात येत नसे. मधेच घोरणं एकदम थांबायचं आणि मग गुदमरल्यासारखा आवाज काढून पुन्हा सुरू व्हायचं. त्या थांबण्यालाही आम्ही हसायचो. भाग्यवान माणूस, पडला की झोपला, असं म्हणायचो. आम्हाला काय कळत होतं, कपाळ.

एका दुपारी सळयांचा भारा हवेत लटकत होता आणि मी म्हणालो, खाली घ्या. भारा हलेना. पुन्हा सांगितलं. वाऱ्याने तो हळूहळू फिरायला लागला आणि त्याच्याखाली सेंट्रिंगवाले स्लॅबच्या साच्याच्या फळ्या ठोकत होते. मी ओरडून घसा फोडला, एकेकाला ढकलून बाजूला केलं. हात केबिनमधल्या दांड्यावरून सुटला की क्रेन आपोआप थांबते, म्हणून निभावलं. झोपेत तोच हात दांड्यावर पडला असता तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. शेवटी वॉकीटॉकीवर मामांचा आवाज आला, काय झालं रे म्हणून. त्यांना कशाचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी मी इंजिनीअरला सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. मामांना केबिनमधून उतरवलं, तपासणीला पाठवलं आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

तपासणी म्हणजे दवाखान्यात डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र झोपायचं. त्यात कळलं, झोपेत प्रत्येकाचा घसा सैल पडतो, मामांचा इतका पडतो की हवेची वाटच मिटते. श्वास थांबतो, मेंदू घाबरून धक्का देतो, घसा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो आणि पुन्हा तेच, रात्रभर. सकाळी त्याला काही आठवत नाही. म्हणजे ज्याला आम्ही झोपाळू म्हणत होतो, तो माणूस वर्षानुवर्षं धड झोपलाच नव्हता.

उपाय म्हणून एक पेटी मिळाली, शिवणाच्या डब्याएवढी. तिला नळी, नळीला मास्क. पेटी हवा ढकलत राहते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. हे औषध नव्हे, चष्म्यासारखं आहे; लावाल तेवढ्यापुरताच उपयोग. पेटीत एक कार्ड असतं. किती तास लावली, श्वास किती वेळा अडला, सगळं त्यात उतरतं. कार्ड चांगलं दिसलं की डॉक्टर चिठ्ठी देणार होते आणि चिठ्ठी मिळाली की मामा वर जाणार होते.

चिठ्ठी मिळाली, मामा वर गेले. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, तेही तुटक. मला वाटलं, असू दे, माणूस बरा झाला ना. एकदाचं मिटवून टाकावं म्हणून सुट्टीच्या दुपारी त्यांच्या घरी गेलो. जिना चढतानाच ओळखीचं घोरणं कानावर आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मामा खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते. आणि पलीकडे पलंगावर मामी पडल्या होत्या, नाकावर मास्क, उशाशी पेटी सुरू.

मी खोकलो. मामींनी मास्क काढला. गालांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. मामांना मास्क सोसत नव्हता. जिवंत पुरल्यासारखं वाटतं म्हणायचे. कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची, नाक कोरडं पडायचं. काही रात्री झटापट झाली आणि मास्क कोपऱ्यात पडला. मामा मात्र दिवसभर खिडकीत बसून लांबच्या क्रेन बघत खंगत चालले होते. म्हणून मामींनी तो स्वतःच्या नाकावर चढवला. पेटीला श्वास लागतो, कोणाचा ते तिला कुठे कळतं. रात्रीचे तास कमी पडले की त्या दुपारी भर घालायच्या. डॉक्टर कार्ड बघून खूश झाले होते, इतक्या लवकर इतका फरक म्हणून. थोडक्यात, मामांनी सगळ्यांना मामा बनवलं होतं.

मला संताप आला, पण त्या थकलेल्या तोंडाकडे बघून आवाज चढेना. मी एवढंच म्हणालो, "मामी, त्या हुकाखाली मी उभा असतो."

साइट मामींनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या मनात क्रेन म्हणजे उंचावर बसलेला नवरा, आणि तो पडेल की काय ही रोजची धास्ती. खाली कोणी असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "दाखव मला."

सुट्टी असल्याने साइटवर रखवालदाराशिवाय कोणी नव्हतं. मामींना हेल्मेट घालायला दिलं, ते त्यांच्या कपाळावर घसरत होतं. मी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. गवंडी कुठे असतात, सेंट्रिंगवाले कुठे वाकून फळ्या ठोकतात, ते बोट करून दाखवलं. त्यांचे हातमोजे सळयांवर वाळत घातलेले होते. मामींनी मान वर करून हुकाकडे पाहिलं, मग एकेका मोज्याकडे.

"मला यांची वरची जागा तेवढी दिसत होती," त्या म्हणाल्या. "तुमची दिसलीच नव्हती." आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मामा कामावर निघायच्या आधी, मामींनी डॉक्टरांच्या टेबलावर ते कार्ड ठेवलं आणि यातला श्वास माझा आहे म्हणून सांगून टाकलं. केबिन पुन्हा गेली. मामांनी आता मामींशीही अबोला धरला. घरच्या माणसानेच पाय ओढले, असं ते शेजाऱ्यांना ऐकवत होते. मामींनी पेटी कपाटात ठेवून दिली आणि एकदाच सांगितलं, "तुमच्यासाठी रांधीन, धुवीन. तुमच्या वाटचा श्वास आता मी घेणार नाही."

त्यानंतर काही दिवसांनी मामांनी स्वतःच कपाट उघडलं.

या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नीट लक्ष घातलं. मास्क मुळात मोठा होता. हवा सुटते म्हणून मामा पट्टे आवळायचे आणि आवळल्याने ती आणखी सुटायची. बाईंनी नाक मोजून लहान मास्क दिला. पेटीच्या टाकीत पाणी भरलं की हवा ओलसर येते आणि नाक कोरडं पडत नाही, हे दाखवलं. दाब हळूहळू चढेल असं बटण लावून दिलं. चेहऱ्याच्या तेलाने मास्क घसरतो, म्हणून तो रोज धुवायला सांगितला. आणि पुरल्यासारखं वाटतं त्यावर सांगितलं की आधी झोपूच नका. दिवसा, जागेपणी, रेडिओ ऐकत नुसता लावून बसा. मामा कुरकुरत बसायला लागले. नळी लावलेल्या मामांना बघून शेजारची पोरं हत्ती म्हणायची, तेही त्यांनी पोटात घातलं.

एके दिवशी मामी माझ्यासाठी डबा आणायच्या निमित्ताने साइटवर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की काल रात्रभर मास्क राहिला. सकाळी मामा पलंगाच्या कडेवर कितीतरी वेळ बसून होते. मग त्यांनी विचारलं, "सगळे रोज असेच उठतात का गं?" इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो.

पुढे कार्डही चांगलं आलं, या वेळी त्यांचंच. नवी चिठ्ठी घेऊन मामा साइटवर आले, इंजिनीअरला दिली आणि शिडीकडे न जाता माझ्याकडे आले. सळयांचा प्रसंग घडल्यापासून कामाशिवाय ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"डॉक्टर हो म्हणाले, इंजिनीअर हो म्हणाला," मामा म्हणाले. "खाली तू उभा राहणार. तुझं काय?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांच्याशी आता खोटं बोलवेना. "मला भीती वाटते, मामा."

"मलाही वाटते," ते म्हणाले. "पूर्वी कधी वाटली नव्हती."

ते शिडी चढायला लागले. मी हेल्मेटचा पट्टा बांधला आणि हुकाखाली जाऊन उभा राहिलो.