पाचव्या गियरमधलं देऊळ

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला, तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि त्याचा शर्ट मला धुऊन द्यावा लागला. तर, भाचीच्या लग्नात मी एक देऊळ पाडलं. हो, देऊळ! एकट्यानं. तेही अत्यंत काळजीपूर्वक गाडी चालवून.

माझी गाडी लहान. पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. निवृत्त झाल्यावर घेतली. शिवाजी पार्कात सकाळी फेऱ्या मारणारा आमचा एक कंपू आहे. तिथे गुडघे, रक्तातली साखर आणि मायलेज एवढे तीनच विषय चालतात. पहिल्या दोन्हींत माझी कामगिरी सुमार, म्हणून मी तिसऱ्यात जीव ओतला.

माझं शास्त्र साधं होतं. इंजिन जितकं कमी फिरेल, तितकं पेट्रोल कमी. म्हणजे गियर वर वर टाकत जायचं आणि ॲक्सिलरेटरवर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. गाडीत समोर एक छोटा बाण दिसतो. गियर वाढवायची वेळ झाली की त्याचं तोंड वर असतं. तो मला गुरूच्या आज्ञेसारखा. दिसला रे दिसला की मी गियर वाढवायचो. पुढे पुढे तर दिसायच्या आधीच. चांगल्या शिष्यानं आज्ञेची वाट कशाला बघायची?

माझ्या बायकोचं, नीलिमाचं, सगळं उलटं. ती चालवते तेव्हा इंजिन खड्या आवाजात गातं. मी चालवतो तेव्हा ते पुटपुटतं.

"अहो, एवढंसं इंजिन ते," ती म्हणायची. "खालच्या फेऱ्यांत त्याला दम नसतो. जरा फिरू द्या की त्याला!"

"बाण बघ, बाण," मी म्हणायचो. "गाडी बनवणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

यावर ती खिडकीबाहेर बघायची. मी ते माझ्या विजयात धरायचो.

आता ताई. माझी थोरली बहीण. गिरगावात राहते, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. तिच्या मुलीचं, मृण्मयीचं, लग्न दादरच्या हॉलवर ठरलं आणि ताईनं रुखवत मनावर घेतलं. मुलाकडच्यांसमोर मांडायचं ना ते! त्यातून मुलाची आत्या म्हणजे खाष्ट बाई. साखरपुड्याला आमच्याकडची बासुंदी खाऊन त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दूध चांगलं होतं." तेवढ्यावर ताईची झोप उडाली होती.

मग ताईनं देऊळ बांधलं. कुरडयांच्या भिंती, पापडांचा मंडप, चिरोट्यांचं शिखर आणि वर कळस म्हणून बेसनाचा लाडू. सगळं साखरेच्या घट्ट पाकानं चिकटवलेलं. खोटं नाही सांगत, बघून हात जोडावेसे वाटायचे. प्रश्न एकच होता, हे दादरला न्यायचं कसं?

"टेम्पोनं?" मी म्हटलं.

"टेम्पोवाले आदळतात. बाळ्या, तूच ने," ताई म्हणाली. "तू गाडी चालवतोस तेव्हा चालत्येय की उभी आहे तेच कळत नाही."

आयुष्यात माझ्या ड्रायव्हिंगची झालेली ही एकमेव स्तुती. स्तुतीच होती ना? मी तरी तशीच घेतली.

लग्नाच्या सकाळी निघालो. पुढे नीलिमा. मागे ताई, तिच्या शेजारी मोठ्या परातीत देऊळ, त्यावर साडीचा पदर ओढावा तसा झिरझिरीत कपडा. पाक वितळू नये म्हणून एसी फुल्ल. तिघांचं वजन, डिकीत आहेराच्या पिशव्या आणि वर हा एसी. तीन सिलिंडरांनी ओढायचं तरी काय काय? पण हा विचार मला आज सुचतोय. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती: देवळाला धक्का लागता कामा नये. म्हणजे आज नेहमीपेक्षाही हळू. नेहमीपेक्षाही वरच्या गियरमध्ये.

सात रस्त्याला मी तिसऱ्यातून चौथ्यात गेलो. वेग म्हणाल तर शेजारून एक सायकलवाला पुढे गेला. गाडीत बारीकशी थरथर सुरू झाली.

"बाळ्या, गाडीला थंडी वाजत्येय का रे?" मागून ताई.

"रस्ता, ताई, रस्ता! जिकडे बघावं तिकडे खणून ठेवलंय."

"रस्ता गुळगुळीत आहे," नीलिमा म्हणाली. "तिसऱ्यात घ्या."

आता माझं तर्कशास्त्र ऐका. गाडी थरथरते म्हणजे काय? इंजिनाला श्रम होतायत. श्रम होतायत तर काय करायचं? विश्रांती द्यायची. विश्रांती म्हणजे आणखी कमी फेऱ्या. मी पाय अजून हलका केला. थरथर वाढली.

चिंचपोकळीच्या पुलावर बॉनेटखालून टक्‌टक्‌ आवाज यायला लागला.

"हा कसला आवाज?" ताई.

"शेजारच्या गाडीचा," मी.

शेजारी हातगाडी होती.

"अगं बाई, लाडू पडला!" ताई ओरडली. कळस सीटखाली घरंगळत गेला होता. मृण्मयीच्या आयुष्यात पहिली अडचण माझ्यामुळे आली होती आणि मी म्हणत होतो, "कळस काय, पोचल्यावर पुन्हा बसवता येतो."

"ह्याला सांग ना गं काहीतरी!" ताई नीलिमाला म्हणाली.

"ताई, मी गेली चार वर्षं सांगत्येय."

पुढे लालबागचा उड्डाणपूल. मी ठरवलं, इथे आपलं सगळं कसब पणाला लावायचं. चढ सुरू व्हायच्या आधीच पाचवा टाकला. पाचवा! चढावर! रिक्षाच्या वेगानं! गाडी अशी काही हलायला लागली की माझा चष्मा नाकावरून खाली यायला लागला. डॅशबोर्डवरची गणपतीची छोटी मूर्ती मान हलवून 'नको, नको' म्हणत होती. मागून कर्र, कट्ट, कर्र असे आवाज. बघायची माझी हिंमत नव्हती.

"अहो, बाण बघा!" नीलिमा किंचाळली. "खाली दाखवतोय! गियर कमी करा!"

खरंच. बाणाचं तोंड खाली होतं. या गाडीचा बाण खालीही होतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तो सल्ला देतो," मी म्हणालो. "हुकूम नाही देत."

एवढं बोललो आणि इंजिनानं एक लांब उसासा टाकला, दोन गचके दिले आणि ते बंद पडलं. ऐन चढावर. मागे बसचा हॉर्न. एक टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "क्या अंकल, पाचवे में उठाया क्या?" त्याला कसं कळलं कुणास ठाऊक!

मी आरशात पाहिलं. ताई परातीवर दोन्ही हात धरून बसली होती. कपडा सपाट झाला होता. आत देऊळ असतं तर तो सपाट झाला नसता.

"उतरा," नीलिमा म्हणाली.

मी उतरलो. पलीकडून जाऊन तिच्या जागेवर बसलो. तिनं गाडी सुरू केली, पहिला, दुसरा, आणि इंजिन गायला लागलं. दादरपर्यंत गाडी तसूभर थरथरली नाही. मागे पापडाचा एक तुकडा हलला नाही. फक्त आता ते तुकडेच होते. ताई रडेल असं मला वाटत होतं. ती रडली नाही, हे जास्त वाईट होतं. मला मनापासून शरम वाटली. मी सीटखालचा लाडू शोधून दिला.

हॉलवर रुखवताच्या टेबलावर सगळं मांडलेलं. मधली जागा देवळासाठी मोकळी. मुलाकडची मंडळी आत शिरत होती. पुढे आत्या. आता ताईची इतक्या दिवसांची मेहनत आणि पोरीच्या सासरी होणारं पहिलं नाव, दोन्ही त्या परातीत चुरा होऊन पडलेलं. मी खांबाआड झालो.

पण ताई शेवटी मराठीची बाई! तिनं परात तशीच मधोमध ठेवली, वर लाडू ठेवला. रुखवताच्या प्रत्येक पदार्थापुढे दोन ओळींची चिठ्ठी असते ना, तशी देवळाचीही होती. ती तिनं उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या लिहिलं. आत्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं:

"मोठ्या हौसेनं बांधलं देऊळ, मामानं केला चिवडा,
पापड, लाडू, कुरडई, चिरोटा, ज्याचं त्यानं निवडा!"

हॉलभर हशा. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी चिमूटभर चुरा उचलून तोंडात टाकला.

"चव चांगली आहे," आत्या म्हणाल्या. मग मूठभर घेतला. "गोड, खारट, सगळं कसं एकजीव झालंय. मिक्सरमध्ये असं होत नाही. कसं केलंत हो?"

ताईनं खांबाकडे बोट दाखवलं. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला.

"पाचव्या गियरमध्ये," मी म्हणालो.

परात पंगतीच्या आधी संपली. ताई माझ्याशी तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, म्हणजे तिच्या मानानं लवकरच. मीही आता दुसऱ्या-तिसऱ्यात मुकाट चालवतो. इंजिन गातं, मायलेज उतरलंय, आणि पार्कातल्या कंपूत मी हल्ली फक्त गुडघ्यांवर बोलतो.

विषय संपला असं मला वाटत होतं. तर परवा बेल वाजली. दारात जावईबापू, हातात मोठा डबा. डब्यात काठोकाठ कुरडया, पापड आणि चिरोटे. सगळे अख्खे.

"मामा, आमच्याकडे रविवारी मुंज आहे," तो जरा संकोचून म्हणाला. "आत्यानं सांगितलंय, एवढं लालबागच्या पुलावरून फिरवून आणाल का?"