भोक नसलेलं बोंडलं

कोकणात राहून पावसाशी वैर धरणारी बाई अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ आहे. मिरग जवळ आला की सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसतं. आमच्या वहिनी मात्र आभाळाकडे असं बघतात, जणू उसनी साखर नेऊन परत न केलेली शेजारीण दारात आली आहे. कारण त्यांची झाडं. जिथे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते आणि पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात, तिथे या बाईने हौस धरली ती वाळवंटातल्या जाड पानांच्या झाडांची. सक्युलंट म्हणतात त्यांना. भावोजी, म्हणजे वहिनींचे यजमान, त्यांना 'तुझी ती सुजलेली झाडं' म्हणतात. फणस-सुपारी जिथे न विचारता उगवतात, तिथे बोटाएवढ्या रोपाला पाण्यापासून वाचवत बसायचं! हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. आता वाटत नाही.

कुंडी निवडताना वहिनींना एकदा बघावंच. मुलगी बघायला गेलेली खाष्ट सासूसुद्धा इतकी चिकित्सा करत नाही. हातखंब्याला हायवेच्या कडेला मातीच्या भांड्यांचे ढीग असतात. तिथे गाडी थांबली, की त्या दिवशी पुढचं काही ठरवायचं नाही. आधी बोटाच्या पेराने टिचकी, मग कुंडी कानाशी, मग आत तोंड घालून वास, आणि शेवटी पदराने पुसून कुंडीला चक्क जीभ लावायची! जीभ चिकटली तर माती श्वास घेते, नाही चिकटली तर कुंडी बाद. गोव्याला निघालेला एक चष्मेवाला हे बघून थांबला आणि हसत म्हणाला, "काय मावशी, कशी आहे चव?" वहिनींनी जीभ आत घेतली आणि म्हणाल्या, "पुढच्या हॉटेलात जेवशील ना, त्या आमटीपेक्षा बरी आहे हो." तो तडक गाडीत जाऊन बसला. भावोजी तर केव्हाचे आमच्याकडे पाठ करून उभे होते, जणू ही बाई त्यांची कोणीच नाही.

विकतच्या कुंड्यांवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण वहिनी कोणाच्या घरी गेल्या की माणसांकडे कमी आणि भांड्यांकडे जास्त बघतात. माझ्या माहेरी हळदीकुंकवाला आल्या आणि निघताना माझ्या आईला म्हणाल्या, "ही लोणच्याची बरणी फुटली की कळवा हं." आई नंतर आठवडाभर त्या बरणीला हात लावायला घाबरत होती. कान तुटलेले कप, पोचे आलेली पातेली, माझ्या लग्नात आलेली किटली, सगळी त्यांच्या पडवीत नांदतात आणि प्रत्येकाच्या तळाला भोक असतं. "भोक नाही ते झाडाचं घर नव्हे गो, विहीर ती," असं म्हणत त्या भावोजींचं ड्रिल मशीन असं चालवतात, की शेजारचं कुत्रं माजघरात जाऊन लपतं.

आणि रोपाची कुंडी बदलणं म्हणजे तर घरचं कार्यच. रोप अलगद उपटायचं, मुळांची जुनी माती झाडायची आणि त्याला झोपाळ्यावर वर्तमानपत्र पसरून निजवायचं. मग दोन दिवस पाहुणा कितीही मोठा असो, त्याने ओट्यावर बसायचं. तोवर जांभ्या दगडाचा चुरा माझ्या पिठाच्या चाळणीने चाळायचा, कारण त्यांची चाळणी म्हणे खराब होते! रोप नव्या कुंडीत बसलं की आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बिचारं तहानलं असेल हो." तर म्हणाल्या, "नव्या घरात आलंय. आधी बसू दे, घर ओळखू दे. मग खाणंपिणं." मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंना हेच सांगून वहिनींनी मला पहिले काही दिवस चुलीपुढे जाऊच दिलं नव्हतं. त्या दिवसांसाठी मी त्यांना शंभर चाळण्या माफ केल्या आहेत.

सगळ्यांना नियम सारखा, अपवाद एकच. पडवीच्या कठड्यावर चांदीचं एक बोंडलं होतं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं. माझ्या पुतणीचं, म्हणजे वहिनींच्या एकुलत्या एक लेकीचं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने त्यात एक गुलाबी कडांचं रोप लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. त्या रोपाला वहिनी चमच्याने थेंब मोजून पाणी घालत, कारण बोंडल्याला भोक नव्हतं. मी चिडवायची, "का हो वहिनी, ही विहीर चालते वाटतं?" त्यावर तोंडाचा पट्टा चालवणारी ही बाई नुसतं म्हणायची, "असू दे गो ते."

गेल्या श्रावणात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना झाडं माझ्या ताब्यात दिली. "काय करायचं?" मी विचारलं. "काही करायचं नाही. आणि त्या बोंडल्याकडे तेवढं बघ, बाकी मेली तर मेली." मी जिवापाड बघितलं हो! मासेवालीने "झाडां सुकलीत गो बाय, वायच पानी घालू?" म्हणत तांब्या उचलला, तो मी हातातून काढून घेतला. दूधवाल्याला दम भरला. आणि तरीही एका सकाळी बोंडल्यातल्या रोपाला हात लावला, तर ते बुडातून पिचपिचीत होऊन माझ्या हातात आलं. मी ते तसंच परत टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून चोर पकडला. भावोजी! सोवळं नेसून, डोळे मिटून, सूर्याला अर्घ्य देत उभे. एरवी ते अंगणात तुळशीत देतात. पण बाहेर धो धो पाऊस, धोतर भिजायला नको, म्हणून पडवीतच उभं राहून समोरच्या बोंडल्यात! सूर्याचं तर महिनाभर कोणी तोंड पाहिलेलं नव्हतं. "अहो भावोजी, काय केलंत हे!" म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि बोंडल्यात बघितलं. "आता ती मला घरात घेणार नाही," म्हणाले. विनोद करत नव्हते.

वहिनी आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी कठड्याकडे गेल्या. भावोजी खांबामागे, मी दारामागे. त्यांनी कुजलेलं खोड बाजूला केलं, वरची चार धड पानं तोडून कागदावर सुकत ठेवली आणि बोंडलं दातांच्या पावडरीने लख्ख घासलं. मग पदराने पुसत म्हणाल्या, "नातीसाठीच ठेवलं होतं. म्हणून तर भोक पाडलं नाही. जाताना न्यायचं होतं गो, पण तिने लावलेलं रोप उपटायला हात होईना." आणि खांबाकडे बघून, "झालं ते झालं. तुमच्या सूर्यानेच उपटलंन शेवटी. या बाहेर, चहा टाकते."

दिवाळीला पुतणी बाळाला घेऊन आली. वहिनींनी बोंडलं तिच्या हातात ठेवलं, तर ती हसत म्हणाली, "अगं आई, हल्ली याने कोण पाजतं? डॉक्टर ओरडतील मला." वहिनी "हो, खरंच की" म्हणाल्या आणि उगाचच कुंड्या इकडच्या तिकडे करायला लागल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. निघताना पुतणीने बोंडलं बॅगेत टाकलं आणि त्या चार पानांतलं मुळं फुटलेलं एक पान रुमालात बांधून घेतलं. वहिनींनी ते पाहिलं.

परवा त्यांच्या फोनवर फोटो आला. पुण्याच्या खिडकीत उन्हात ते बोंडलं, त्यात गुलाबी कडांचं नखाएवढं रोप, आणि बाजूला नातीची इवलीशी मूठ. वहिनींनी चष्मा लावून फोटो मोठा केला, सारखं बोंडल्याचं बूड बघत राहिल्या. मग फोन लावला. "अगो, भोक पाडलंस का त्याला?"

पलीकडून लेक म्हणाली, "नाही गं आई. उद्या हिच्या मुलीला लागेल ना."

वहिनींनी फोन कानाशी धरूनच कठड्याकडे बघितलं. तिथली बोंडल्याची जागा अजून रिकामीच आहे, तिथे त्या काही ठेवत नाहीत. मग म्हणाल्या, "बरं केलंस. पाणी चमच्याने घाल हो."