देवघरातल्या गोळ्या

तिसगावच्या बाजारपेठेत मोनिकाचं छोटं ब्युटी पार्लर आहे. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागतं, तेव्हा तिला बोलता येत नाही, आणि गावातल्या बायकांना हे नेमकं ठाऊक आहे. खुर्चीत डोळे मिटून बसलेली बाई मग मोकळी सुटते.

"सहा वर्सं झाली ना गं लग्नाला? माझ्या जावेचं बी असंच हुतं. पपई सोडली आन् लगेच दिवस गेले."

मोनिका दोरा ओढते. जरा जोरातच.

"आई गं! हळू की! बरं, मढीच्या नाथांना नारळ बोललीस का?"

नारळ बोलून झाला होता. पपई सोडून झाली होती. पळसाची पानं दुधात उकळून पिऊन झाली होती, कुठल्याशा वैदूची कडू पूड तर दोन पावसाळे पोटात गेली होती. डोहाळजेवणात नट्टापट्टा करायला मोनिकाच लागायची, पण ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "मोनिका, तू जरा फोटो काढ गं." किती फोटो काढले असतील तिने!

शेवटी तीच हट्टाने नगरला गेली. तिथल्या डॉक्टर यामिनी मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. कुणाची थायरॉइड बिघडलेली असते, कुणाच्या नळ्या बंद असतात, कुणाच्या गर्भाशयात गाठ, तर कुणाचं बीज पिकतच नाही. आणि कित्येकदा उणीव पुरुषाच्या बाजूला असते, म्हणून तपासणी दोघांची.

हे घरी सांगितल्यावर सासूबाईंनी, छबूबाईंनी, हातातली भाकरी परातीतच आपटली. "माझ्या पोराला तपासायला तो काय बैल हाय?"

पोरगा, म्हणजे हर्षल, सुप्याच्या कंपनीत होता. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्याने आईला न सांगता तपासणी करून घेतली. त्याचं सगळं ठीक निघालं. मोनिकाच्या नळ्याही उघड्या होत्या, फक्त बीज पिकत नव्हतं. "हे सगळ्यात सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस या गोळ्या घ्या. मी सांगेन त्या दिवशी सोनोग्राफीला या. बीज पिकलं की तेवढे एकदोन दिवस नवरा घरी असू द्या."

एवढं सोपं होतं, तरी जमेना. दर खेपेला मॅडम पडद्याकडे बघून मान हलवायच्या. "वाढलेलं नाही." दुसऱ्या महिन्यात त्यांनी गोळी वाढवली. तिसऱ्या महिन्यातही तेच. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या लागू पडत नाहीत असं दिसतंय. पुढच्या खेपेला घरच्या मोठ्या माणसांना आणा. इंजेक्शनं आहेत, नाहीतर टेस्ट ट्यूबचाही विचार करता येईल."

घरच्यांच्याही आधी ही बातमी शेजारच्या साळूबाईने ऐकली. कशी, ते देव जाणे. ओट्यावर बसून ती छबूबाईंना म्हणाली, "औषधाला बी दाद देत न्हाई म्हंजे आडातच पानी न्हाई. अजून पोरगं जवान हाय, फारकत घ्या आन् मोकळं व्हा."

छबूबाईंनी तिला अजून एक कप चहा ओतला. मोनिकाला तेच सगळ्यात लागलं. एवढी एक खेप, मग आपला निकाल लागणार, हे तिने ओळखलं.

ठरल्याप्रमाणे ती सासूला घेऊन नगरला गेली. करंजीच्या घाटात छबूबाईंना मळमळलं, त्याचाही राग सुनेवर निघाला. मॅडमनी गोळ्यांचं पाकीट बघून सहज विचारलं, "दुसऱ्या दिवशीच सुरू करता ना?"

मोनिका मान हलवणार, तेवढ्यात छबूबाई अभिमानाने म्हणाल्या, "छ्या वो! चार दिस बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायाचं, मंग गोळी. गोळ्या देवघरात ठिवल्यात ना मी! देवापाशी ठिवल्याबिगर औषधाला गुन येत न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मोनिका, खरं का हे?"

मोनिकाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाजूला बसायच्या दिवसांत ती दुकानात अख्ख्या गावाच्या भुवया कोरायची, पण देवघरात हात घालायचा नव्हता. सासू म्हणाली होती, "चार दिसांनी काय आंडं पळून जातंय?" आणि बी.कॉम. झालेल्या मोनिकालाही ते पटलं होतं. मॅडमना हे सांगायची तर लाजच वाटली होती.

"अहो, मी दुसऱ्या दिवसापासून मोजतेय!" मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी बघते तेव्हा बीज नुकतं कुठे वाढायला लागलेलं असणार. आणि मी तुम्हाला टेस्ट ट्यूब सांगायला निघाले होते! आधी हे एकदा नीट करा."

घरी आल्यावर छबूबाई पाकीट देवघरातून हलवायला कबूल झाल्या. "पन अमावस्या हुऊ दे." अमावस्या झाली. मग मंगळवार आडवा आला. मग मोनिकाची पाळी आली आणि पाकीट देवघरातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिका देवघराच्या उंबऱ्याशी आली. सासरे गहिनीनाथ पेपर वाचत होते.

"आत्याबाई, पाकीट द्या."

"माझी आंघोळ व्हायचीय अजून—"

मोनिकाने पुढचं ऐकलं नाही. ती सरळ आत गेली, घंटेमागचं पाकीट उचललं आणि तिथेच गोळी तोंडात टाकली.

"अगं ए! देव कोपंल!"

"कोपला तर त्याला मॅडमचा नंबर द्या. काय ते दोघं बोलून घेतील!"

पेपराआड गहिनीनाथांना ठसका लागला. छबूबाईंनी देव चिंचेने घासून घासून लखलखीत केले आणि सुनेशी अबोला धरला. सोनोग्राफीला मात्र सोबत आल्या.

"वाढलंय!" मॅडम म्हणाल्या. "छान वाढलंय. आज-उद्या नवरा घरी हवा."

मोनिकाने तिथूनच फोन लावला. हर्षल म्हणाला, "अगं, सेकंड शिफ्ट आहे. लाईनवर माणूस नाही. रविवारी येतो की."

मोनिकाने डोळे मिटले. आता याला कुठून सुरुवात करून सांगायचं? छबूबाईंनी तिच्या हातातून फोन ओढला.

"हर्षल, सायबाला सांग, आई शिरेस हाय."

"काय झालं आई?"

"मला काय धाड भरलीया! गुमान यष्टीत बस आन् घरी ये!"

परतीच्या गाडीत छबूबाईंनी खिडकीची जागा सुनेला दिली. घाट उतरल्यावर छबूबाई म्हणाल्या, "म्हंजे ते आंडं खरंच पळून जातंय व्हय गं?"

"जातं, आत्याबाई."

"मंग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

मोनिकाच्या दातांत दोरा नव्हता. तरी ती खिडकीबाहेरच बघत राहिली.