कुणाकडनं आलं

चाकणच्या कंपनीत धम्मरत्न क्वालिटी इन्स्पेक्टर होता आणि त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. त्याच्या हातून खराब पार्ट सुटत नाही. एखादा ब्रॅकेट रिजेक्ट झाला की तो कुठल्या लॉटमधला, कुठल्या मशीनवरचा, कुठल्या पुरवठादाराकडचा, हे हुडकून काढल्याशिवाय गडी पाणी पीत नसे. कंपनीत याला मूळ कारण शोधणं म्हणतात. ते सापडलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात निघतं.

माणसांत मात्र त्याचं जमायचं नाही. कँटीनमध्ये कालवा फार, म्हणून तो डबा घेऊन स्टोअरच्या मागे जाऊन बसायचा. आकुर्डीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्याची खिडकी ठरलेली; तिथे दुसरं कुणी बसलं की स्वारीचं तोंड दिवसभर उतरलेलं. कुणी म्हणे घुमा आहे, कुणी म्हणे शिष्ट आहे. त्याला दोन्हीचं वाईट वाटे, पण ते सांगायचं कुणाला आणि कसं, हे त्याला कधी कळलं नाही.

मिनल लग्न होऊन घरात आली तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण न बोलताही कुणीतरी आपल्याला ओळखतं. मग लेक झाली, मित्रा. पोर गोड, पण हाकेला ओ देत नसे. बाटल्यांची झाकणं रांगेत मांडायची आणि त्यातलं एक जरी कुणी हलवलं तरी घर डोक्यावर घ्यायची. चौथं लागलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हा ऑटिझम आहे.

दुसरा बाप असता तर आधी पोरीला जवळ घेऊन रडला असता. आमच्या या इन्स्पेक्टरने मूळ कारण शोधायला घेतलं! मिनलचे एक मामा उदगीरला जन्मभर कुणात मिसळले नाहीत, हे त्याच्या कानावर होतंच. तेवढं त्याला पुरलं. रविवारी विहारात वंदना झाली, माणसं सतरंजीवर गप्पा मारत बसली, आणि उद्धवराव या त्याच्या चुलत्यांनी नको ते विचारलं.

"आपल्याकडं तर असलं कुणी न्हाई बाबा. मग पोरीत हे कुणाकडनं आलं म्हणायचं?"

चार माणसांत ज्याच्या तोंडून एरवी शब्द फुटत नाही, तो धम्मरत्न नेमका तेव्हा बोलला. "मिनलकडनं. तिच्या मामांचं तसंच होतं."

मिनल पलीकडे बायकांत बसली होती. तिने ऐकलं. संध्याकाळी ती मित्राला घेऊन नेहरूनगरला आईकडे गेली, ती आलीच नाही.

पुढचे महिने त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. मित्राची झाकणं रांगेत तशीच होती. केर काढताना तो त्यांच्या कडेकडेने झाडू फिरवायचा. जन्मभर शांतता मागणारा माणूस. आता घरात हवी तेवढी शांतता होती आणि ती त्याला खायला उठत होती.

मिनल जाण्याआधीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिघांचंही रक्त जनुकांच्या तपासणीला दिलेलं होतं. निकाल ऐकायला दोघांना एकत्र बोलावलं. तो अगदी निर्धास्त गेला. हे मामांकडचंच आहे असं एकदा तपासणीत निघालं की मिनललाही पटेल आणि ती घरी येईल, असा त्या शहाण्याचा हिशेब होता.

तिथल्या समुपदेशक मॅडम शांतपणे बोलत होत्या. "मित्राच्या एका जनुकात बदल सापडलाय. असा बदल असला की ऑटिझमची शक्यता वाढते. तोच बदल बाबांमध्येही आहे."

"पण मला तर काहीच झालेलं नाही," धम्मरत्न म्हणाला.

"असं होतं. एकच बदल कुणात ठळक दिसतो, कुणात जेमतेम, कुणात अजिबात नाही. आणि एवढंच कारण आहे असंही नाही. अशी कितीतरी जनुकं आहेत. थोडं आईकडून येतं, थोडं वडिलांकडून, काही बदल तर बाळातच नव्याने होतात. आम्हालाही सगळं दिसत नाही. यात दोष कुणाचाच नसतो." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही लहानपणी उशिरा बोलायला लागलात का? गोंगाट सहन होतो? जवळचे मित्र कोण आहेत?"

शेवटच्या प्रश्नाला त्याने मिनलकडे पाहिलं. मिनलच म्हणाली, "मी. मी एकटीच आहे."

बाहेर जिन्यात त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पोरगी चालायला लागली तेव्हापासून. सगळी तुमच्यावर गेलीय. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. तुम्ही बोललात त्याचं वाटलं."

"मग आता चल ना घरी."

"चार माणसांत बोललात, चार माणसांतच परत घ्या," ती म्हणाली आणि रिक्षात बसून निघून गेली.

सांगायला सोपं आहे. धम्मरत्नला अख्खा लॉट परत पाठवायला भीती वाटली नव्हती, पण विहारात उभं राहून दोन वाक्यं बोलायला वाटत होती. कितीतरी रविवार तो नुसता वंदना करून परतला. शेवटी एकदा उभा राहिला.

"मित्रा माझ्यावर गेलीय," तो म्हणाला. "मिनलच्या मामांचं नाव मी उगाच घेतलं. चुकलो मी."

उद्धवराव सतरंजीकडे बघत बसले. म्हाताऱ्या अंबूबाई म्हणाल्या, "बस खाली बाळा." त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. जिच्यासाठी एवढं केलं ती तिथे नव्हतीच. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपलं त्यांत कुणीच नाही, याचं त्याला रडू आलं.

तिथून तो तडक नेहरूनगरला गेला. मिनलने दार उघडलं. "अंबूबाईंचा फोन आला होता," एवढंच म्हणून ती बाजूला झाली. जमिनीवर खेळत बसलेल्या मित्राने मान वर केली नाही. तो तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसला. बाप-लेक कितीतरी वेळ एकमेकांकडे न बघता, एक शब्द न बोलता बसून राहिले आणि दोघांनाही बरं वाटत होतं.

मिनल ओट्याशी उभी राहून दोघांकडे पाहत होती. तिला काय वाटत असेल, हे त्याने लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. असं विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"तुला कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"एकटं," ती म्हणाली. "विहारात बोललात त्याच्याही आधीपासून."